आजारपणाची रजा ही मालकाची मेहरबानी नाही



हर्नियाचे ऑपरेशन ठरते. कुणाच्या पित्ताशयात खडे निघतात, कुणा बाईची गर्भाशयाची गाठ काढायची असते. डॉक्टर तारीख देतो आणि सांगतो, सहा आठवडे वजन उचलायचे नाही. आपल्या वस्तीतला माणूस त्यावर ऑपरेशन दुखेल का, हे क्वचितच विचारतो. त्याच्या मनात दुसराच प्रश्न असतो: "परत गेल्यावर नोकरी राहील का?" या एका प्रश्नापायी ऑपरेशन पुढे ढकलले जाते. आधी दिवाळीनंतर, मग पोरीच्या लग्नानंतर. शेवटी हर्निया अडकतो, रात्री मेडिकलला धावपळ होते आणि जे काम ठरवून आठ दिवसांत झाले असते ते जिवावर बेतते.

या प्रश्नाचे उत्तर भारताच्या कायद्याने १९४८ सालीच दिले आहे. उपचार घेत असलेल्या कामगाराला मालक काढू शकत नाही, असे ते उत्तर आहे. ते कसे आले, त्यात बाबासाहेबांचा वाटा नेमका किती, नागपूरला ते कधी पोचले, आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज होती ते दाराबाहेर कसे राहिले, हा इतिहास आपल्या तरुणांना ठाऊक असला पाहिजे. ज्याला आपल्या हक्काचा इतिहास ठाऊक नसतो तो रजेचा अर्जही भीक मागितल्यासारखा लिहितो.

गिरणीचा भोंगा आणि फाटकावरचा बदली

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. पुढे मॉडेल मिल आली. गावकीच्या कामातून सुटका शोधणारी हजारो माणसे विदर्भातल्या खेड्यांतून या गिरण्यांकडे आली आणि त्यांत आपला समाज मोठ्या संख्येने होता. गिरणीने रोख मजुरी दिली, गावच्या पाटलाच्या दारातून सुटका दिली. जात मात्र गिरणीच्या फाटकावर थांबली नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. जास्त पगाराचे खाते म्हणून ते बंद राहिले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला होता.

एम्प्रेस मिलचे नाव कामगार कल्याणासाठी घेतले जाते आणि ते खोटे नाही. १८८६ साली तिथे पेन्शन फंड निघाला, १९०१ साली प्रॉव्हिडंट फंड. त्या काळात देशात हे नवलच होते. पण ही सगळी मालकाने दिलेली देणगी होती. चांगला मालक देतो, वाईट मालक देत नाही, आणि चांगल्या मालकाचा वारसही देईलच असे नाही. देणगीवर दावा लावता येत नाही.

आजारी पडलेल्या गिरणी कामगाराचे काय होई? तो गैरहजर राहिला की फाटकावर उभ्या असलेल्या बदली कामगाराला त्या दिवसाचे काम मिळे. आजारी माणूस बरा होऊन परतला तर त्याच्या यंत्रावर दुसराच उभा असे आणि परत कामावर घ्यायचे की नाही हे जॉबर ठरवी. १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने, म्हणजे व्हिटली कमिशनने, जॉबरच्या या लाचखोरीची दखल घेतली. नोकरी मिळवायला पैसे, टिकवायला पैसे आणि आजारातून परत यायलाही पैसे. कामगाराच्या कर्जबाजारीपणाची जी कारणे होती त्यांत आजारपण ठळक होते. औषधाचा खर्च एकीकडून, बुडालेली मजुरी दुसरीकडून.

आता त्या बदली कामगाराकडे बघा. दुसऱ्याची रजा हीच त्याची रोजी. त्याला स्वतःला रजा नाही, कारण त्याला जागाच नाही. हा बदली पुढे नाव बदलून पुन्हा भेटणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

कामठीचा एक मृत्यू

नागपूरशेजारच्या कामठीत बाबू हरदास एल. एन. झाले. 'जयभीम' हे अभिवादन चळवळीत रूढ करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते कामगार पुढारीही होते, हे आपण दरवर्षी विसरतो. त्यांनी विडी कामगारांना संघटित केले. ठेकेदाराच्या कचाट्यातून सुटावे म्हणून विडी कामगारांची सहकारी संस्था काढण्याचा प्रयत्न केला. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नागपूर-कामठीतून ते मध्य प्रांताच्या विधानसभेत निवडून आले. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे पस्तीस.

क्षय हा त्या काळी महिनोन्महिने विश्रांती मागणारा आजार होता. विश्रांती ज्याला परवडते तो जगे. तंबाखूच्या धुळीत बसून शेकड्यावर मजुरी मोजणाऱ्या विडी कामगाराला एक दिवस परवडत नसे, तर महिने कुठून परवडणार? ज्या पक्षातर्फे बाबू हरदास निवडून आले, त्या पक्षाच्या १९३६-३७ च्या जाहीरनाम्यात कारखान्यातली नेमणूक, बडतर्फी आणि बढती यांवर कायद्याचे नियंत्रण आणि पगारी रजा या मागण्या होत्या. बडतर्फीवर नियंत्रण आणि पगारी रजा. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आजच्या भाषेतली 'नोकरी सुरक्षित ठेवणारी रजा' तयार होते. एक असून दुसरी नसेल तर उपयोग नाही. रजा मिळाली पण नोकरी गेली, तर ती रजा कसली?

तारीख आधी ठाऊक असलेली पहिली रजा

ठरवलेल्या ऑपरेशनची रजा आणि अचानक आलेल्या तापाची रजा यांत एक फरक आहे. पहिलीची तारीख आधी कळते, म्हणून ती आधी नोंदवता येते. आपल्या कायद्यात अशी आधी कळवून घ्यायची पहिली रजा कोणती? बाळंतपणाची.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बाबासाहेब बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, पण त्या बाईच्या श्रमाचा फायदा मालकालाही होतो म्हणून त्यानेही वाटा द्यावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला आणि १९३० साली नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांताचाही झाला.

बाबासाहेबांच्या त्या युक्तिवादात पुढच्या वीस वर्षांचे बीज आहे. कामगाराचे शरीर ही त्याची खासगी बाब आहे, बिघडले तर त्याचे त्याने बघावे, हा विचार तिथे मोडला. शरीर झिजते ते उत्पादनासाठी, म्हणून ते सावरण्याचा खर्च उत्पादनातून फायदा घेणाऱ्याने आणि समाजाने उचलायचा. आजारपणाचा विमा याच तत्त्वावर उभा राहतो.

मोहन पार्क ते कामगार खाते

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली. नागपूरच्या मांडवात राजकीय हक्कांची मागणी झाली आणि दिल्लीच्या कचेरीत कामगारांच्या फायली उघडल्या गेल्या, हे दोन्ही एकाच महिन्यातले. आपण मोहन पार्कच्या आठवणी सांगतो, पण त्या फायलींमध्ये काय होते ते फारसे सांगत नाही.

मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांना औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम दिले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. कापड, इंजिनिअरिंग, खनिज व धातू या तीन उद्योगांत सक्तीचा विमा, मालक आणि कामगार दोघांची वर्गणी, आजारपणात रोख रक्कम आणि मोफत उपचार असा त्याचा आराखडा होता. १९४५ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी तो तपासला आणि योजना सर्व बारमाही कारखान्यांना लावावी, प्रसूती लाभ आणि अपघाताची भरपाईही त्यातच आणावी, असे सुचवले.

याच खात्यातून आणखी दोन कायदे निघाले. १९४५ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यातल्या कामगाराला वर्षाला दहा दिवसांची पगारी सुट्टी मिळाली. एप्रिल १९४६ मध्ये औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. रजा कशी मागायची, कोण मंजूर करणार, गैरहजेरीचा परिणाम काय, बडतर्फी कोणत्या कारणाने, हे सगळे लेखी असले पाहिजे आणि कामगाराला वाचता आले पाहिजे, हा त्या कायद्याचा गाभा होता. जॉबरच्या तोंडी हुकमाला तो कागदाचा पहिला अडसर होता.

श्रेय द्या, पण नेमके द्या

दर १४ एप्रिलला मोबाईलवर एक पोस्ट फिरते: 'ईएसआय कायदा बाबासाहेबांनी केला.' हे वाक्य जसेच्या तसे बरोबर नाही. विरोधक ते एका तारखेने खोडून काढतात आणि मग आपला पोरगा गप्प बसतो.

तारखा अशा आहेत. बाबासाहेब १९४६ च्या मध्यापर्यंत मजूरमंत्री होते. कामगार राज्य विमा विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आले ते नोव्हेंबर १९४६ मध्ये, जगजीवनराम मजूरमंत्री असताना. कायदा मंजूर झाला १९ एप्रिल १९४८ रोजी. तेव्हा बाबासाहेब कायदेमंत्री होते आणि मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडेच होते. म्हणजे योजना तयार झाली, तज्ज्ञांकडून तपासली गेली ती बाबासाहेबांच्या खात्यात. तिला कायद्याचे रूप मिळाले ते नंतर. नेमक्या तारखा सांगून दिलेले श्रेय कुणाला हिसकावून घेता येत नाही. शिवाय योजना आणि कायदा अशा दोन्ही टप्प्यांवर मजूर खाते अस्पृश्य समाजातून आलेल्या माणसाच्या हाती होते, ही वस्तुस्थिती कोणत्याही पोस्टपेक्षा मोठी आहे.

कलम ७३ आणि नागपूर १९५४

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात रोख लाभ आहे, दवाखाना आहे, औषध आहे. पण सर्वांत महत्त्वाचे वाक्य कलम ७३ मध्ये आहे. आजारपणाचा किंवा प्रसूतीचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात मालक बडतर्फ करू शकत नाही, कामावरून कमी करू शकत नाही, खालच्या जागी टाकू शकत नाही, कोणतीही शिक्षा देऊ शकत नाही. आजारावर वैद्यकीय उपचार सुरू असतानाच्या काळालाही, नियमांच्या चौकटीत, हेच संरक्षण आहे. अशा काळात दिलेली बडतर्फीची नोटीस कायद्याने अवैध. हे कलम मोडणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला गेला.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात आजारपणात नोकरी राखून ठेवण्याचा केंद्रीय कायदा १९९३ साली आला. तोही बारा आठवड्यांच्या बिनपगारी रजेचा, आणि पन्नासपेक्षा कमी नोकर असलेल्या खासगी मालकाला तो लागू नाही. ठरलेले ऑपरेशन असेल तर तीस दिवस आधी कळवावे लागते. भारताने त्याच्या पंचेचाळीस वर्षे आधी पैशांसह संरक्षण लिहून ठेवले होते.

योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर ती पहिल्यांदा आली ती मुंबईत नव्हे, नागपुरात, जुलै १९५४ मध्ये. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. मुंबईला योजना पोचली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. सुरुवातीला आजारपणाची रोख मदत वर्षाला ५६ दिवसांपुरती, साधारण निम्म्या मजुरीएवढी होती आणि उपचार फक्त कामगाराला होते, बायकापोरांना नव्हते. तरीही फरक मोठा होता. ज्या एम्प्रेस मिलमध्ये मदत ही मालकाची देणगी होती, त्याच मिलच्या कामगाराच्या हातात आता विम्याचे कार्ड आले. देणगी घेणारा मान खाली घालतो. वर्गणी भरणारा खिडकीपाशी ताठ उभा राहतो.

आठ दिवसांचा सापळा

इथपर्यंतचा इतिहास अभिमानाचा आहे. पुढचा सावध करणारा आहे.

स्थायी आदेशांच्या नमुन्यात एक अट होती. मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत कामगार परतला नाही आणि समाधानकारक खुलासा दिला नाही, तर जागेवरचा त्याचा हक्क जाईल. अनेक कारखान्यांनी ती आणखी कडक करून लिहिली: आठ दिवस विनारजा गैरहजर, म्हणजे नोकरी सोडली असे धरले जाईल. मग प्रश्न आला. कामगार आठ दिवस गैरहजर राहिला, पण खरोखर आजारी होता आणि विमा दवाखान्याचे प्रमाणपत्र त्याने नंतर आणले. त्याला कलम ७३ वाचवणार की आठ दिवसांची अट बुडवणार?

मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या वेंकटय्या नावाच्या कामगाराचे असेच प्रकरण १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी लिहिला आणि तो कामगाराच्या विरोधात गेला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: कलम ७३ मालकाला शिक्षा करण्यापासून रोखते. इथे मालकाने शिक्षा केलेली नाही. स्थायी आदेशाप्रमाणे नोकरी आपोआप संपली. प्रमाणपत्र होते, आजार होता, तरी नोकरी गेली.

तीस वर्षांनी चक्र फिरले. १९९३ साली डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की स्थायी आदेशात काहीही लिहिलेले असो, कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी न देता 'गैरहजर म्हणून नोकरी संपली' असे जाहीर करता येणार नाही. नोकरी हे उपजीविकेचे साधन आहे आणि उपजीविका हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याचा भाग आहे. असे करणे अनुच्छेद १४ लाही धरून नाही. कामगाराला निम्म्या थकीत पगारासह परत घेण्याचा आदेश झाला. बाबासाहेबांच्या खात्याने १९४६ साली लिहायला लावलेल्या कागदातली फट, बाबासाहेबांच्या संविधानाने १९९३ साली बुजवली.

पण यादवांना डिसेंबर १९८० मध्ये गेलेली नोकरी १९९३ साली मिळाली. मधली बारा-तेरा वर्षे कोणी भरून दिली? म्हणून या दोन निकालांतून आपण घ्यायचा धडा कोर्टाच्या विजयाचा नाही, अर्जाच्या तारखेचा आहे. अचानक आजारी पडणाऱ्याचा कागद मागाहून येतो, त्याला इलाज नाही. ज्याचे ऑपरेशन ठरले आहे त्याचा कागद आधी जाऊ शकतो. तो गेला नाही, तर आपणच मालकाच्या हातात आठ दिवसांचे शस्त्र देतो.

दाराबाहेर कोण राहिले

आता त्या बदलीकडे आणि बाबू हरदासांच्या विडी कामगारांकडे परत येऊ.

१९४८ चा कायदा सुरुवातीला कुणाला लागू झाला? विजेवर चालणाऱ्या, वीस किंवा जास्त कामगारांच्या, बारमाही कारखान्यांना. विडी वळायला वीज लागत नाही. ती घराच्या ओट्यावर, सुपात पाने घेऊन वळली जाते. म्हणून ज्या कामठीच्या पुढाऱ्याने पगारी रजा मागणाऱ्या पक्षातर्फे निवडणूक जिंकली, त्याच्याच विडी कामगार बायका या कायद्याच्या उंबरठ्याबाहेर राहिल्या. शेतमजूर बाहेर, घरकाम करणारी बाहेर, हंगामी कामगार बाहेर. या यादीला जात कोणती, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

आणि बदली? नागपूर महानगरपालिकेच्या सफाई खात्यात तो 'ऐवजदार' या नावाने उभा राहिला. शब्दाचा अर्थच बघा. कायम सफाई कामगार रजेवर गेला तर त्याच्या ऐवजी येणारा. दुसऱ्याच्या रजेतून ज्याचे पद जन्मले, त्याला स्वतःची रजा नाही. अनेकांनी वीस-वीस वर्षे ऐवजदार म्हणून रस्ते झाडले आणि मग कुठे त्यांच्या कायम होण्याचा प्रश्न सुटायला लागला. वीस वर्षांत माणसाला एकदाही ऑपरेशन लागत नाही का? लागते. तो करत नाही, किंवा करून टाके सुकायच्या आत झाडू उचलतो.

रजा नसण्याचा शेवट कुठे होतो ते बघायला नागपूर सोडून बीडला जावे लागते. ऊसतोडीला जोडी उचल घेऊन जाते. एक दिवस काम चुकले की 'खाडा' धरून पैसे कापले जातात. पाळीच्या दुखण्याने खाडे पडू नयेत म्हणून बायकांनी गर्भाशयच काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ साली गाजल्या. सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे कायद्याने ऑपरेशनसाठी रजा दिली नाही, तेव्हा रजा लागू नये म्हणून ऑपरेशन झाले. आजारपणाची रजा ही पांढरपेशांची चैन आहे असे ज्याला वाटते, त्याने हा आकडा पुन्हा वाचावा.

आज हातात काय आहे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. १९४८ चा विमा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. स्थायी आदेशांची सक्ती महाराष्ट्रात ५० कामगारांच्या आस्थापनेपासून होती, ती औद्योगिक संबंध संहितेत ३०० पासून झाली. म्हणजे बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या २०० कामगारांच्या कारखान्यात रजेचे आणि बडतर्फीचे नियम लेखी ठेवण्याची ती जुनी सक्ती राहिली नाही. जॉबरचा तोंडी हुकूम एच. आर. च्या फोनच्या रूपात परत येतो आहे. अशा वेळी आपल्या बाजूचा कागद हीच आपली भिंत.

ज्याच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात त्याने ऑपरेशनची तारीख घेण्याआधी आपली वर्गणी तपासावी. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाचा रोख लाभ मिळतो: मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला लाभ मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. ऑपरेशन टाळता येण्यासारखे असेल तर हा हिशेब बघून तारीख घ्यावी. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला पूर्ण मजुरी मिळते, पुरुषाला ७ दिवस आणि स्त्रीला १४ दिवस. क्षयासारख्या ३४ दीर्घ आजारांना ८० टक्के लाभ दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. बाबू हरदासांचा आजार आज या यादीत आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वाट ठरलेली आहे. आधी आपला विमा दवाखाना किंवा नेमलेला डॉक्टर, तिथून सोमवारी पेठेतले विमा रुग्णालय, गरज पडल्यास पुढचे रुग्णालय. थेट खासगीत जाऊन मागून प्रमाणपत्र आणण्याच्या नादाला लागू नये. वेंकटय्याचा निकाल आठवावा. पहिले प्रमाणपत्र, मधली प्रमाणपत्रे आणि कामावर जाण्याआधी तंदुरुस्तीचे शेवटचे प्रमाणपत्र, अशी साखळी तुटू देऊ नये. प्रत्येकाची झेरॉक्स घरी ठेवावी.

ज्याला ईएसआय नाही, पण सरकारी किंवा जिल्हा परिषदेची कायम नोकरी आहे, त्याच्या खात्यावर वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती निम्म्या हिशेबाने पूर्ण पगारी करून घेता येते. दुकानात, मॉलमध्ये, खासगी ऑफिसात काम करणाऱ्याला २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची वेगळी रजा नाही. आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे आणि वीस दिवसांच्या कामामागे एक या हिशेबाने ४५ दिवसांपर्यंत साठवता येणारी पगारी रजा आहे. ऑपरेशन ठरणार असेल तर ती लग्नाच्या वरातीत संपवू नये. बायकांना प्रसूती लाभ कायद्याने नसबंदीच्या ऑपरेशननंतर दोन आठवडे आणि गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा १९९५ नंतर किंवा त्याआधीपासून दिलेली आहे. हक्क जुना आहे, मागणाऱ्या थोड्या आहेत.

अर्ज सगळ्यांचा सारखाच. तारीख, डॉक्टरने सांगितलेला ऑपरेशनचा दिवस, किती दिवस विश्रांती, परत येण्याची अंदाजे तारीख, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. शक्य तितक्या आधी द्यावा, निदान पंधरा दिवस. पोच घ्यावी. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवावा. तोंडी 'जा, बघू' याला रजा समजू नये. विश्रांती वाढली तर रजा संपायच्या आत वाढीचा अर्ज जावा. आणि भाषा हक्काची असावी. 'मेहरबानी करून' हे दोन शब्द खोडून टाकावेत. तिथे 'मी रजेवर जात असल्याचे कळवतो व मंजुरीची विनंती करतो' एवढे पुरे.

चळवळीपुढचे काम

आपल्या वस्त्यांतल्या बुद्ध विहारांत स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात, ते चालावेतच. त्याच विहारात महिन्यातून एक रविवार रजेच्या अर्जांसाठी, वर्गणी तपासण्यासाठी, प्रमाणपत्रांची फाईल लावून देण्यासाठी ठेवता येईल. दहावी शिकलेला पोरगाही हे काम करू शकतो. एका आईचे पुढे ढकललेले ऑपरेशन वेळेवर झाले तर ते एका जयंतीच्या डीजेपेक्षा मोठे अभिवादन आहे.

दुसरे काम मोठे आहे. ठेक्यावरचा सफाई कामगार, घरकाम करणारी बाई, विडी वळणारी, डिलिव्हरी पोचवणारा पोरगा, ऊसतोडीची जोडी, यांना कायद्यात मोजले जाण्याची मागणी आपली असली पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये आजारपणात राज्याने मदत करावी असे लिहिले आहे. त्यात 'वीस कामगारांच्या कारखान्यात असेल तर' अशी अट कुठेही नाही. अट कायद्याने घातली आणि कायदा बदलता येतो.

बाबू हरदासांच्या स्मृतीला दर जानेवारीत कन्हान नदीकाठी माणसे जमतात. तिथे जयभीम म्हणताना हेही आठवावे की तो शब्द देणारा माणूस पस्तिसाव्या वर्षी क्षयाने गेला, आणि त्याने संघटित केलेल्या कामगारांना आजारी पडण्याचा हक्क मिळवून देणे अजून बाकी आहे.

जयभीम!